सात तलावांच्या रेघा : जुलैत मंदावणारी गती आणि एकमेकांवर चढणारी नावे

माटुंगा_पूर्व

नमस्कार.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतील साठा वर्षभरात कसा उतरत जातो आणि पावसाळ्यात पुन्हा कसा चढतो, हे एकाच आलेखात दाखवणारे मराठी वेबपान मी आमच्या विभागातील नागरिक गटासाठी तयार करत आहे. महापालिका तलावसाठ्याचे आकडे रोज जाहीर करते आणि ते मी १ ऑक्टोबरपासून पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत दिवसागणिक नोंदवून ठेवले आहेत. सातही तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातील ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसाची, तर तुळशीची अवघी ८,०४६. दशलक्ष लिटरच्या मापावर रेघा काढल्या की विहार आणि तुळशी तळाला चिकटून दिसेनासे होतात, म्हणून मी प्रत्येक तलावाचा साठा त्याच्या स्वतःच्या क्षमतेच्या टक्केवारीत मांडला आहे.

आलेख एसव्हीजीमध्ये (वेबवरील रेखाचित्रांच्या स्वरूपात) असून डीथ्री हा जावास्क्रिप्ट संच वापरून काढला आहे. रुंदी ७३० पिक्सेल, म्हणजे दिवसाला दोन पिक्सेल, आणि उंची ४०० पिक्सेल, म्हणजे एका टक्क्याला चार पिक्सेल. पान उघडल्यावर सातही रेघा बारा सेकंदांत डावीकडून उजवीकडे उमटत जाव्यात यासाठी मी नेहमीची युक्ती वापरली: गेट-टोटल-लेंग्थने रेघेची लांबी मोजायची, तेवढाच डॅश आणि तेवढीच मोकळी जागा स्ट्रोक-डॅशअरेमध्ये (तुटक रेघेच्या मापात) द्यायची आणि स्ट्रोक-डॅशऑफसेट, म्हणजे ती तुटक रेघ किती सरकवायची तो आकडा, पूर्ण लांबीपासून शून्यावर आणायचा. प्रत्येक रेघेच्या टोकाला तलावाचे नाव लावले आहे आणि ते टोकाबरोबर सरकते.

पहिली अडचण अशी की सप्टेंबर संपताना बहुतेक तलाव भरत आलेले असल्यामुळे सगळी नावे वरच्या कोपऱ्यात एकावर एक चढतात. दुसरी अशी की रेघा सरकत असताना दोन तलावांची पातळी एकमेकांना ओलांडते तेव्हा नावे एकदम जागा बदलतात आणि डोळ्यांना ती उडी खुपते. एकमेकांना ढकलणारी नावे म्हणून फोर्स-कोलाइड वापरून पाहिले, तर ती सतत थरथरू लागली.

तिसरी अडचण मला आधी कळलीच नव्हती. गेल्या रविवारी सभागृहात पडद्यावर हे पान दाखवले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, "भातसा जुलै महिन्यात एवढा सावकाश का भरतो? पाऊस तर तेव्हाच सगळ्यात जास्त असतो ना?" मी आकडे पाहिले, भातसा जुलैत अतिशय वेगाने भरलेला होता. पण पडद्यावर रेघ तिथे खरोखरच मंदावत होती. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हते आणि ते मला फार लागले, कारण पाण्याचे आकडे लोकांना नीट कळावेत एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


रेघ_नि_वार

तुमच्या तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन दिसण्याच्या आहेत आणि ही खरेखोटेपणाची आहे. आजींनी जे पाहिले ते बरोबर पाहिले. तुमचा आलेख थांबल्यावर खरे सांगतो, पण चालू असताना उलटे सांगतो.

डॅशऑफसेट रेघ उलगडतो ती रेघेच्या लांबीच्या प्रमाणात. तारखेशी त्याचा काहीही संबंध नसतो. तुमच्याच मापांवर हिशेब करून पाहू. समजा, जुलैच्या पंचवीस दिवसांत एक तलाव २० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेला. आडवे अंतर ५० पिक्सेल, उभे अंतर २८० पिक्सेल, म्हणजे त्या तुकड्याची तिरकी लांबी सुमारे २८४ पिक्सेल. आता नोव्हेंबरातले पंचवीस दिवस घ्या, ज्यांत साठा दहा टक्क्यांनी उतरला. आडवे अंतर तेच ५०, उभे ४०, तिरकी लांबी सुमारे ६४ पिक्सेल. लेखणी दोन्हीकडे सारख्याच वेगाने चालत असल्यामुळे जुलैच्या पंचवीस दिवसांना नोव्हेंबरच्या पंचवीस दिवसांपेक्षा जवळजवळ साडेचार पट वेळ लागतो. तलाव जितका झपाट्याने भरेल तितकी तारीख हळू सरकेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की तलावच रेंगाळतो आहे.

याहून मोठी चूक पुढे आहे. सातही रेघांची एकूण लांबी वेगवेगळी आहे, पण वेळ सगळ्यांना बारा सेकंदच दिलेला आहे. त्यामुळे मध्येच कोणत्याही क्षणी पाहिले तर सात टोके सात वेगवेगळ्या तारखांवर असतात. तानसाचे टोक ऑगस्टमध्ये असेल तेव्हा भातसाचे जुलैतच असू शकते, आणि पाहणारा मात्र दोन्ही टोकांची उंची तोलून "आता तानसा पुढे आहे" असे मनाशी ठरवतो. त्यात डीथ्रीच्या ट्रान्झिशनला (हळूहळू बदल घडवणाऱ्या सोयीला) वेगळे काही सांगितले नाही, तर ते सुरुवातीला आणि शेवटी मंद व मध्ये वेगवान चालते. एखादी खिडकी उघडताना किंवा बटण सरकताना हा चढउतार सुखद वाटतो, पण जिथे पडद्यावरचा काळ हाच वर्षाचा काळ आहे, तिथे ऑक्टोबर लांबवणे आणि फेब्रुवारी आखडणे याला काहीच आधार नाही. इझिंग (वेग कसा बदलतो ते) सरळ रेषीय ठेवावे.

उपाय सोपा आहे. रेघा पूर्ण काढून ठेवा आणि त्या सगळ्यांवर मिळून एकच क्लिप-पाथ (आतलेच दिसू देणारी चौकट) लावा, ज्यात एक आयत असेल. त्या आयताची रुंदी शून्यापासून ७३० पिक्सेलपर्यंत समान वेगाने वाढवत न्या. आयताची उजवी कड म्हणजेच त्या क्षणी पडद्यावर चालू असलेली तारीख. ती सातही रेघांना एकाच वेळी ओलांडते, त्यामुळे सगळी टोके नेहमी एकाच दिवशी असतात. आयत आलेखापेक्षा वरखाली थोडा मोठा ठेवा, नाहीतर १०० टक्क्यांवरून जाणाऱ्या रेघेची अर्धी जाडी कापली जाते. क्लिप केलेल्या रेघेचे टोक सरळ छाटल्यासारखे दिसते, म्हणून प्रत्येक टोकावर एक छोटा ठिपका ठेवा आणि तो क्लिपच्या बाहेरच्या गटात काढा.

ठिपक्याची जागा काढण्यासाठी गेट-पॉइंट-अ‍ॅट-लेंग्थच्या (रेघेच्या लांबीवरून बिंदू काढण्याच्या) वाटेला जाऊ नका. रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेमच्या (पडद्याच्या प्रत्येक नव्या चित्राआधी येणाऱ्या) प्रत्येक फेरीत, गेलेल्या वेळेवरून एकच तारीख काढा. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची नोंद बायसेक्टरने (क्रमवार यादीत जागा शोधणाऱ्या सोयीने) शोधा. दोघींच्या मध्ये सरळ प्रमाणाने साठा काढा. आयताची रुंदी, ठिपक्याची उंची आणि कोपऱ्यात लिहिलेली तारीख या तिन्ही गोष्टी त्या एकाच तारखेवरून निघाल्या पाहिजेत. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ हेच असते की रेघेला एक ट्रान्झिशन, ठिपक्याला दुसरे आणि आकड्याला तिसरे दिलेले असते, आणि तिघेही आपापल्या घड्याळाने चालतात. फेऱ्या मोजून पुढे सरकू नका, फेरीला मिळणारी वेळ वापरा. पडद्याचा वेग साठ हर्ट्‌झ असो वा एकशेवीस, वर्ष बारा सेकंदांतच संपेल.

यात एक अट आहे. ठिपका सरळ प्रमाणाने काढायचा, तर रेघही सरळ तुकड्यांची हवी. तुम्ही रेघेला कोणते वळण दिले आहे ते लिहिलेले नाही. कार्डिनल (नोंदींमधून गुळगुळीत वक्र काढणारे) किंवा त्यासारखे वळण असेल तर ठिपका रेघेवरून घसरलेला दिसेल, आणि त्याहून वाईट म्हणजे तलाव काठोकाठ भरतो त्या ठिकाणी वळणाचा फुगवटा १०० टक्क्यांच्या वर जाईल. तुळशी नुकताच ओसंडून वाहू लागलेला असताना रेघ १०३ टक्के दाखवत असेल, तर वाचक तो आकडा खरा धरून बसेल. मोनोटोन (नोंदींच्या मर्यादेबाहेर न जाणाऱ्या) वळणात हा फुगवटा येत नाही, पण माझे मत असे की रोजच्या नोंदी असताना वळणाची गरजच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ मिलिमीटरही झाला नाही. ज्या शहराचा पाऊस असा आहे, तिथल्या आलेखातला कोन घासून गुळगुळीत करणे म्हणजे त्यातली बातमीच पुसून टाकणे होय.

डॅशची युक्ती टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. नकाशावर चर्चगेटहून विरारकडे जाणारी रेघ उमटवायची असेल, किंवा तानसाची जलवाहिनी शहरात कुठून कशी येते ते दाखवायचे असेल, तर तिथे रेघेची लांबी हेच खरे अंतर असते आणि लेखणीने त्या लांबीने चालणे योग्यच आहे. तिथे पाथ-लेंग्थ (रेघेची लांबी किती धरायची ते सांगणारा) हा गुणधर्म १ ठेवला की लांबी मोजण्याचीही गरज राहत नाही. मात्र नॉन-स्केलिंग-स्ट्रोक (रेघेची जाडी बदलू न देणारा गुणधर्म) लावून आकृती लहानमोठी केली असेल तर डॅशचा हिशेब चुकतो आणि रेघ अर्ध्यावर तुटते किंवा आधीच संपते, एवढे ध्यानात ठेवावे.


नकाशाघर

नावांच्या जागेविषयी लिहितो.

माझे काम नकाशांचे आहे आणि नावे बसवण्याचा प्रश्न आमच्याकडे जुना आहे. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी १९६२ मध्ये नकाशावरील नावांच्या जागांविषयी सविस्तर नियम मांडले. नाव कोणाचे आहे हे क्षणात कळावे, नावाने खालचा तपशील शक्य तितका कमी झाकावा, किनाऱ्यावरच्या गावाचे नाव पाण्यात लिहावे, अशी ती शिकवण आहे. मुंबईचा नकाशा करताना ती रोज उपयोगी पडते: वांद्रे, खार, सांताक्रूझ या नावांना अरबी समुद्रात ऐसपैस जागा मिळते, पण पूर्वेकडे सरकून दादर ते कुर्ला या पट्ट्यात आलात की पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या स्थानकांची नावे एकमेकांच्या अंगावर येतात. नकाशावरच्या ठिपक्यांना नावे देण्याचा हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-हार्ड आहे, हे १९९१ च्या सुमारास सिद्ध झाले. सर्वोत्तम मांडणी हमखास आणि झटपट काढून देणारी रीत कोणाकडे नाही. म्हणूनच सिम्युलेटेड अनीलिंगसारख्या, हळूहळू सुधारत जाणाऱ्या पद्धती वापराव्या लागतात.

तुमचा प्रश्न मात्र यातला नाही, आणि म्हणूनच फोर्स-कोलाइडकडे वळण्याचे कारण नव्हते. तुमची सगळी नावे उजव्या कडेला एकाच उभ्या ओळीत आहेत आणि ती फक्त वरखाली सरकू शकतात. जिथे एकच दिशा मोकळी आहे तिथे अचूक उत्तर मिळते, तेही सात नावांसाठी डोळ्याची पापणी लवण्याआधी.

रीत अशी. नावे त्यांच्या टोकांच्या उंचीप्रमाणे क्रमाने लावा. वरून खाली येताना दोन शेजाऱ्यांमधले अंतर कमी पडले की त्यांचा एक गट करा, त्यांना आतल्या आत योग्य अंतरावर ठेवा आणि संपूर्ण गट त्यांच्या मूळ जागांच्या सरासरीवर मध्यभागी आणा. सरकलेला गट वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याला टेकला तर त्यालाही गटात सामील करा आणि पुन्हा मध्यभागी आणा. कोणीच कोणाला टेकत नाही तेव्हा थांबा. उदाहरणार्थ, चार तलाव ९९, ९८, ९८ आणि ९६ टक्क्यांवर आहेत. तुमच्या मापावर ही टोके माथ्यापासून ४, ८, ८ आणि १६ पिक्सेल खाली येतात, म्हणजे सरासरी ९. नावांमध्ये १८ पिक्सेल अंतर हवे असेल तर ती उणे १८, ०, १८ आणि ३६ वर बसतील. पहिले नाव आलेखाच्या माथ्याबाहेर जाते, म्हणून वर तेवढा समास राखा; समास ठेवायचा नसेल तर अख्खा गट खाली ढकला, एकट्या नावाला ओढू नका. टोकापासून नावापर्यंत तलावाच्याच रंगाची एक बारीक जोडरेघ काढा. क्रम टोकांच्या क्रमासारखाच असल्यामुळे या जोडरेघा एकमेकींना कधीही छेदत नाहीत, आणि माझ्या लेखी हीच या रीतीची खरी किंमत आहे. दोन तलाव अगदी समान टक्क्यांवर असतील तर त्यांच्यातला क्रम आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी वेगळा निकाल येणार नाही.

आता सरकणाऱ्या नावांविषयी. यात मतभेद होऊ शकतो, पण मी आग्रहाने सांगतो की नावे चालवू नका. माणूस एका वेळी एकच हलणारे नाव वाचू शकतो, आणि तुम्ही त्याला सात देत आहात. नावे वाचण्यात डोळे गुंतले की ज्यासाठी हे चलन, म्हणजे हलते चित्र, केले तो चढउतारच नजरेतून निसटतो. ३० सप्टेंबरच्या शेवटच्या जागा एकदाच काढा, नावे पहिल्या क्षणापासून उजवीकडे तिथेच स्थिर ठेवा, प्रत्येकासमोर त्याच्या रंगाचा ठिपका द्या आणि चालणाऱ्या टोकावर त्याच रंगाचा ठिपका असू द्या. जोडरेघा मात्र रेघा शेवटाला पोहोचल्यावरच उमटवा. उडी आणि थरथर या दोन्ही तक्रारी त्यामुळे मुळातच उरणार नाहीत.

आणखी एक सूचना. "अप्पर वैतरणा" आणि "मध्य वैतरणा" ही दोन नावे एकाखाली एक आली की दुसरा शब्द सारखाच असल्यामुळे घाईत वाचणारा गोंधळतो. पहिला शब्द ठळक करा.


अक्षरजुळणी

नकाशाघर यांनी १८ पिक्सेल हा आकडा सर्व नावांसाठी एकच धरला आहे, त्याला मी थोडी हरकत घेते. देवनागरी नावांसाठी एकच अंतर पुरत नाही.

"तुळशी" आणि "विहार" ही दोन नावे एकाखाली एक लिहून पाहा. दोन्ही डाव्या कडेला जुळवलेली असली की "तु"चा उकार बरोबर "वि"च्या वेलांटीच्या डोक्यावर उतरतो. हे दोन्ही तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या पातळ्याही पुष्कळदा जवळ असतात, त्यामुळे ही टक्कर तुमच्या पानावर वारंवार होणार. याउलट "विहार" वर आणि "तानसा" खाली असेल तर मध्ये काहीच येत नाही. तिथे कमी अंतरही चालते. म्हणून प्रत्येक जोडीसाठी अंतर वेगळे काढावे: वरच्या नावाची बेसलाइनखालची (अक्षरे ज्या ओळीवर बसतात तिच्याखालची) शाई, अधिक खालच्या नावाची बेसलाइनवरची शाई, अधिक दोनतीन पिक्सेल मोकळीक.

मी "शाई" म्हणते ते मुद्दाम. गेट-बीबॉक्स जो चौकोन देतो तो बहुतांशी फॉन्टने जाहीर केलेल्या उंचीचा असतो. नावात वेलांटी, उकार किंवा रफार आहे की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते, त्यामुळे "तानसा" आणि "तुळशी" या दोहोंसाठी तो एकच उंची सांगतो. प्रत्यक्ष शाई किती वर आणि किती खाली जाते हे कॅनव्हासच्या मेझर-टेक्स्टमधून मिळते. त्यातील अ‍ॅक्च्युअल-बाउंडिंग-बॉक्स-असेंट आणि डिसेंट ही दोन मूल्ये घ्यावीत. मोजण्याआधी वेबफॉन्ट उतरलेला आहे याची खात्री करावी, म्हणजे डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडीची वाट पाहावी आणि मगच जागा काढाव्यात. हे न केल्यास पहिल्या भेटीत मोजमाप यंत्रातल्या दुसऱ्याच फॉन्टवर होते आणि दुसऱ्या भेटीत सगळे ठीक दिसते. असला बिघाड शोधण्यात माझे दोन दिवस गेले आहेत.

नाव ठिपक्याच्या बरोबर समोर यावे म्हणून सगळेजण डीवाय ०.३५ एम (अक्षराच्या आकाराच्या ०.३५ पट खाली) लिहितात. तो आकडा रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेला आहे. देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेले असते आणि त्याचे वजन वर असते, त्यामुळे त्या आकड्याने नाव ठिपक्यापेक्षा वर किंवा खाली गेल्यासारखे वाटते; किती, ते फॉन्टवर अवलंबून. डॉमिनंट-बेसलाइनचे (अक्षरे कोणत्या ओळीशी जुळवायची ते ठरवणाऱ्या गुणधर्माचे) हँगिंग हे मूल्य आपल्यासारख्या लिप्यांसाठीच आहे, परंतु फॉन्टमध्ये ती रेघ नोंदलेली नसेल तर ब्राउझर आपल्या अंदाजाने ती ठरवतो. मी करते ते असे: त्याच फॉन्टमध्ये नुसता "म" मोजायचा, ज्याला वर-खाली काहीच नाही, आणि त्याच्या शाईचा मध्य ठिपक्याच्या मध्याशी जुळवायचा. मग मात्रा, वेलांट्या कुठेही जावोत, अक्षरांची मुख्य ओळ रेघेच्या टोकाशी सरळ राहते.

नाव रेघांवरून उठून दिसावे म्हणून त्याभोवती पांढरी कड देणार असाल, तर पेंट-ऑर्डरने स्ट्रोक (कड) आधी रंगवा, आणि सातही नावांच्या कडा आधी व त्यानंतर सातही नावे अशा दोन थरांत काढा. एकेक नाव कडेसकट काढत गेलात तर खालच्या नावाची पांढरी कड वरच्या नावाचा उकार खाऊन टाकते आणि "तुळशी"चे "तळशी" होते.

अक्षरांमध्ये लेटर-स्पेसिंग देऊ नये, शिरोरेघ तुटते. नाव एकेक अक्षराने उमटवण्याचा मोहही टाळावा. "अप्पर" मधला जोड "प्प" तुकड्या-तुकड्याने दाखवताना मध्येच हलन्त "प्" डोळ्यांसमोर येतो. उमटवायचेच असेल तर संपूर्ण नावावर क्लिप लावावी किंवा नुसती अपारदर्शकता वाढवावी.

आकड्यांविषयी एक गोष्ट: टू-लोकेल-स्ट्रिंगला (आकडा स्थानिक पद्धतीने लिहिणाऱ्या आज्ञेला) एमआर-आयएन, म्हणजे भारतातील मराठीचा संकेत, दिले की देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम दोन्ही आपोआप मिळतात, १४,४७,३६३ असे. मात्र चालू असताना टक्केवारी बदलत राहणार असेल तर अंकांच्या रुंदीतील फरकामुळे आकडा डावी-उजवीकडे हलतो. टॅब्युलर-नम्स (सर्व अंक समान रुंदीचे करण्याची) ही सोय फॉन्टमध्ये असेल तरच लागू पडते. नसेल तर टेक्स्ट-अँकर एंड ठेवून आकडा उजव्या कडेला बांधावा. निदान टक्क्याचे चिन्ह तरी जागचे हलणार नाही.


माटुंगा_पूर्व

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवार आणि रविवार या दोन दिवसांत सर्व बदल करून पाहिले.

माझ्या रेघांना कार्डिनल वळणच दिलेले होते. वळण काढून पाहिले, तेव्हा तुळशी आणि मोडकसागर या दोघांचेही फुगवटे १०० टक्क्यांच्या रेघेवर गेलेले होते हे लक्षात आले. आजपर्यंत मी त्यांना रेघेची जाडी समजत होते. क्लिप-पाथ लावल्यावर जुलैचे चित्र पूर्ण बदलले. आधी जिथे टोके रेंगाळत होती, तिथे आता सातही ठिपके जवळजवळ एकदम उसळी घेतात, आणि विहार-तुळशी आधी भरतात व भातसा मागून येतो हेही स्पष्ट दिसते. त्यातली एक गोष्ट मलाच नव्याने कळली: मे आणि जूनमध्ये सगळ्या रेघा इतक्या संथ उतरतात की बारा सेकंदांतले ते दोन सेकंद लांबच लांब वाटतात. प्रत्यक्षातही पाणीकपातीच्या चर्चेचे ते दिवस असेच लांब वाटतात, म्हणून मी तिथे वेग वाढवलेला नाही.

नावे स्थिर केली. शाई मोजून अंतर काढले. "तुळशी" आणि "विहार" यांच्यामध्ये आता केसाएवढी पांढरी फट दिसते.

दोन गोष्टी उरल्या आहेत. आमच्या गटातील बहुतेक लोक हे पान लोकलमध्ये मोबाइलवर पाहतील. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर नावांचा स्तंभच तिसरा हिस्सा खातो आणि उरलेल्या जागेत दिवसाला एक पिक्सेलही येत नाही. शिवाय एका सदस्यांनी कळवले की हलणाऱ्या चित्रांनी त्यांना घेरी येते. त्यांच्यासाठी काय करावे?


रेघ_नि_वार

मोबाइलवर एकच आलेख आकसवण्याचा प्रयत्न सोडून द्या. सात छोटे आलेख एकाखाली एक लावा, प्रत्येकाच्या माथ्यावर त्या तलावाचे नाव डावीकडे आणि आजची टक्केवारी उजवीकडे. सर्वांची आडवी मापे एकच ठेवा, म्हणजे जुलै सगळ्यांत एकाखाली एक येईल. नावांच्या टकरीचा प्रश्नच राहत नाही, आणि प्रत्येक आलेखात उरलेल्या सहा रेघा फिकट करड्या रंगात मागे ठेवल्या तर तुलनाही हातची जात नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चलचित्र आणि असे स्थिर लहान आलेख यांची तुलना केली होती. आकडे समजून घेऊन प्रश्नांची उत्तरे शोधताना लोक स्थिर आलेखांवर अधिक अचूक ठरले, जरी चलचित्र त्यांना अधिक आवडले होते. सभागृहात कोणीतरी बोलत असताना चलन जरूर ठेवा. एकट्याने वाचणाऱ्या माणसाला पूर्ण रेघ आधी द्या.

घेरीविषयी: प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन ही मीडिया क्वेरी तपासा आणि वाचकाने आपल्या फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची निवड केली असेल तर रेघा थेट पूर्ण दाखवा. त्याशिवाय, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल थांबवण्याची सोय असली पाहिजे, असा वेब सुगम्यतेचा निकष आहे आणि तुमचे चलन बारा सेकंदांचे आहे. मी तर म्हणेन की ते आपोआप सुरूच करू नका. पूर्ण आलेख दाखवा, खाली "वर्ष पाहा" असे बटण द्या, चालू झाल्यावर तेच बटण "थांबवा" होऊ द्या.


अक्षरजुळणी

छोट्या आलेखांत नाव माथ्यावर जाणार असेल, तर त्याची शिरोरेघ आणि आलेखाची १०० टक्क्यांची रेघ यांत पुरेसे अंतर ठेवावे. दोन्ही आडव्या, दोन्ही बारीक. मोबाइलवर जवळ आल्या की नाव रेघेला टांगल्यासारखे दिसते. १०० टक्क्यांची रेघ तुटक काढली तर हा प्रश्न येत नाही.


माटुंगा_पूर्व

तुटक रेघ केली आणि बटणही लावले. येत्या रविवारच्या सभेत आधी पूर्ण आलेख दाखवून मग वर्ष चालवणार आहे, आणि पहिल्या रांगेतल्या आजींना जुलैवर स्वतः बटण थांबवायला सांगणार आहे.